'या की' म्हणजे नेमकं कधी? निफाडच्या एका द्राक्षबागेच्या भेटीचं प्रकरण

दिवाळी २०२३ उरकली, फराळाचे डबे तळाला गेले आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'नाशकात राहून द्राक्षबाग पाहिली नाही असे किती जण?' चोवीस फ्लॅटांतून अकरा हात वर आले. यात आश्चर्य काही नाही. आमच्याकडची निम्मी मंडळी सातपूर-अंबडच्या नोकरीपायी जळगाव, नागपूर, लातूरहून आलेली. त्यांनी द्राक्षं पाहिली ती रविवार कारंज्याच्या हातगाडीवर.

माझा मामेभाऊ निफाड तालुक्यात, पिंपळगाव बसवंतपासून सहा-सात किलोमीटर आत राहतो. सव्वातीन एकर बाग, सगळी थॉम्पसन, म्हणजे हिरव्या बिनबियांच्या द्राक्षांची. मी सोसायटीच्या सांस्कृतिक समितीत, म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही तो. फोन केला. "दादा, शनिवारी वीसेक माणसं घेऊन बाग बघायला येऊ का?"

"या की."

या दोन शब्दांवर मी सतरा सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला. शनिवार, १८ नोव्हेंबर. रविवारी अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल होती, त्यामुळे रविवारचं नाव काढायचीही कुणाची छाती नव्हती.

तेवीस जण निघालो. आडगाव, दहावा मैल, ओझर मागं पडलं, पिंपळगावला चहा झाला. मुलांच्या हातात घरून आणलेल्या रिकाम्या पिशव्या. बांधाशी गाडी थांबली तेव्हा वहिनी पदर नाकाला लावून रस्त्यातच उभी होती आणि हातानं 'तिकडंच थांबा' म्हणून खुणावत होती. आत ट्रॅक्टरचा ब्लोअर घोंघावत होता. डाऊनीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची फवारणी. ढगाळ हवा धरली होती आणि दादाला त्या दिवशी औषध मारणं भागच होतं. औषधाचा उग्र वास बांधापर्यंत येत होता.

दीड तास आम्ही वस्तीवरच्या ओट्यावर बसून काढला. मग दादानं फवारा न पोचलेल्या कडेच्या दोन ओळी दाखवल्या. एक डहाळी वाकवून त्यानं घड पुढं धरला. बोटाएवढा हिरवा तुरा, त्यावर मोहरीच्या दाण्यासारख्या कळ्या, आणि उमललेल्या कळ्यांतून निघालेले बारीक फिकट तंतू. फार जवळ नाक नेलं तर अगदी मंद वास. मला तो क्षण आजही आवडतो. पण मागून एक आजोबा म्हणाले, "म्हणजे द्राक्षं नाहीतच का?" मुलांनी पिशव्या हळूच गुंडाळल्या.

परतीच्या वाटेवर पिंपळगावच्या बाजारातून सगळ्यांनी टोमॅटो घेतले. एवढीच कमाई.

चूक कुठं झाली

मी मुद्दाम या भागावर थांबतोय, कारण पुढं सुधारलं ते सगळं इथून निघालं. दादानं फसवलं नव्हतं. 'या की' हे आपल्याकडचं आतिथ्य झालं, त्यात बागेची खबर नसते. मामाच्या पोरानं भावाला 'येऊ नको' कसं म्हणायचं? त्यानं माणसं येणार एवढंच ऐकलं होतं. द्राक्षं खायला येणार हे मी बोललोच नाही, कारण मला ते बोलायची गरजच वाटली नाही. आणि नोव्हेंबरात द्राक्षं नसतात हे त्याला सांगायची गरज वाटली नाही, कारण ते त्याच्या दृष्टीनं सूर्य पूर्वेला उगवतो यासारखं.

नाशिककडं द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तिच्यातून फक्त काडी, म्हणजे पुढं घड धरणारी फांदी, तयार करायची. आणि पावसाळा सरता सरता, साधारण ऑक्टोबरात, गोडी छाटणी. फळ मिळतं ते या दुसऱ्या छाटणीचं. तिथून दिवस मोजायला सुरुवात होते आणि बागाईतदार मग महिने बोलतच नाही, दिवस बोलतो. 'आपला प्लॉट बावन्न दिवसांचा झाला' असं. छाटल्यावर काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, ते फुटावेत म्हणून औषधाची पेस्ट लावतात, आठ-दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, पस्तीस-चाळीस दिवसांच्या पुढंमागं फुलोरा येतो, मग मणी धरतो, त्यानंतर डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) आणि विरळणी (दाटीतले मणी काढणं). ऐंशी-नव्वद दिवसांच्या सुमारास मण्यात पाणी उतरतं, म्हणजे कडक मणी मऊ पडून गोडी भरायला लागते. खायचा माल एकशे दहा-वीस दिवसांच्या पुढं.

दादाची छाटणी होती ९ ऑक्टोबरची. आम्ही गेलो तो चाळिसावा दिवस. ऐन फुलोरा. बागेला आजारपणाची सर्वांत भीती असते तो काळ, आणि त्यात वीस माणसं ओळीत घुसवणं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत वरात नेण्यासारखं.

तेव्हा विचारायचा प्रश्न 'कधी येऊ' हा नव्हताच. 'छाटणी कधीची?' हा होता.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. सगळा जिल्हा एकाच तारखेला छाटत नाही. बागलाण-कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात लवकर छाटून अर्ली द्राक्षं घेणारे शेतकरी आहेत, त्यांचा माल नाताळाच्या आधीच निघायला लागतो. त्यांची जोखीम वेगळी: त्यांच्या बागा पावसातच फुटतात, बाकीच्यांच्या पाऊस ओसरल्यावर. डिसेंबरात घड बघायचेच असा हट्ट असेल तर सटाण्याकडं ओळख काढावी. निफाडला नाही.

गारा

आमच्या फेरीनंतर बरोबर आठव्या दिवशी, रविवारी २६ नोव्हेंबरला, नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. निफाड तालुका चांगलाच झोडपला गेला. दादाचा प्लॉट तेव्हा अठ्ठेचाळीस दिवसांचा, मणी नुकता धरलेला.

मी दोन दिवस फोन केला नाही. काय विचारणार? ग्रुपवर एकानं लिहिलं, 'मग आता आपली ट्रिप होणार की नाही?' त्याला मी उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी एकटाच गेलो. वाऱ्याच्या बाजूच्या पाच-सहा ओळींची पानं चाळणीसारखी झाली होती, घडांवर काळे डाग. बाकी बाग थोडक्यात बचावली होती. शेजारच्या शिवारात याहून वाईट होतं. दादा फुटके घड कात्रीनं छाटत चालला होता आणि सोबत एकही शब्द बोलत नव्हता. मीही मागून एक कॅरेट घेऊन चाललो. मी आयुष्यात बागेत केलेलं पहिलं काम ते.

भेटीचा विषय त्या दिवशी मी काढला नाही. जानेवारीत त्यानंच काढला. "घड बरे राहिलेत. तुझी माणसं मागल्या वेळी उपाशी गेली. आण त्यांना."

दुसऱ्या फेरीची आखणी

आता मी शहाणा झालो होतो. छाटणी ९ ऑक्टोबर. एकशे विसावा दिवस ६ फेब्रुवारीला, मंगळवारी येत होता. जवळचे रविवार दोन: ४ तारीख, म्हणजे ११८ दिवस, आणि ११ तारीख, म्हणजे १२५. मी ४ म्हटलं, दादानं नाही म्हटलं. पहिल्यांदाच त्यानं मला स्पष्ट नाही म्हटलं आणि मला बरं वाटलं. कारण थंडी. निफाडचा पारा जानेवारीत पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. अशा गारठ्यात मण्याची फुगवण मंदावते, गोडी चढत नाही, दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडला तर हिरव्या मण्याला गुलाबी छटा येते आणि तो माल व्यापारी मागं सारतो. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवणं, ड्रिप सोडणं हे सगळं चालतं. दिवस मोजणं हा अंदाज झाला. थंडी त्यात आठवडाभर सहज घालते.

११ तारीख पक्की धरली. पण पक्की कसली! दुसरा प्रश्न मला माहीतच नव्हता, तो म्हणजे 'सौदा झाला का?' बाग तयार झाली की व्यापारी येतो, घड चाखतो, दर ठरतो, आणि मग तोडणी त्याच्या टोळीच्या आणि गाडीच्या सोयीनं होते. सौदा झालेल्या बागेतला घड शेतकऱ्याच्या वेलीला असला तरी मनानं व्यापाऱ्याचा झालेला असतो. ७ तारखेला रात्री दादाचा फोन. "उद्यापासून तोड चालू होतीय. रविवारपर्यंत बाग मोकळी होईल."

मी गप्प. टेम्पोचा ॲडव्हान्स डोळ्यांसमोर.

"विहिरीकडच्या दोन ओळी मी सौद्यातून बाजूला काढल्यात. त्याला सांगितलं, घरचे पाहुणे आहेत."

त्या दोन ओळींवर ही सगळी भेट उभी राहिली. म्हणून पुढं ज्यांनी ज्यांनी मला विचारलं त्यांना मी हेच सांगतो, की शेतकऱ्याकडं तारीख मागू नका, ओळी मागा. दोन ओळी राखून ठेवणं त्याला जमतं. व्यापाऱ्याची गाडी थांबवणं जमत नाही. आणि निर्यातीच्या प्लॉटचा तर नादच सोडा. तिथं बागेची नोंदणी असते, तोडणीआधी औषधाच्या अंशासाठी नमुना तपासायला जातो, फवारणीची वही असते. त्यात आपली जत्रा कोण आत घेईल?

११ फेब्रुवारी

या वेळी एकोणीस जणच आले. चौघांनी नोव्हेंबरचा धसका घेतला होता.

बागेत शिरल्यावर पहिली गोष्ट दिसली ती वर्तमानपत्रं. ऊन आणि गुलाबी छटेपासून वाचवायला प्रत्येक घडाला रद्दीचा कागद गुंडाळलेला. सहावीतली एक मुलगी खाली बसून एका घडावरची बातमी मोठ्यानं वाचायला लागली, अर्धं वाक्य या घडावर, पुढचा मजकूर कापलेला. तिची आई म्हणाली, "अगं, द्राक्षं बघ!" माझं मत, ती द्राक्षंच बघत होती.

दादानं कागद सोडवला. घड बाहेर आला, मण्यांवर पांढुरकी धूळ बसल्यासारखी. लगेच कुजबुज, "बघा, औषध." ते औषध नव्हतं. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा नैसर्गिक थर असतो, मण्यातलं पाणी तो धरून ठेवतो. दादानं अंगठ्यानं एक मणी पुसला, तो काचेसारखा हिरवा चमकला, बाकीचे मंद. "हे पुसलं की माल हाताळलेला दिसतो," तो म्हणाला. "टोळीतली माणसं म्हणून घड दांड्यालाच धरतात." तोवर आमच्या पोरांनी फोटोसाठी सात-आठ घड दोन्ही हातांनी कवटाळले होते. प्रत्येकावर बोटांचे ठसे, कपाटाच्या धुळीवर उठतात तसे. दोन ओळी बाजूला का काढल्या ते मला तेव्हा नीट समजलं.

चाखायची रीतही त्यानंच शिकवली. वरचा, खांद्याचा मणी नाही खायचा. तो आधी पिकतो, तो गोडच लागणार. घडाच्या शेपटाचा सगळ्यात खालचा मणी खायचा. तो गोड असेल तर घड तयार. शेवटची फवारणी होऊन तीन आठवडे झाले होते, तरी वहिनीनं दोन बादल्या पाणी भरून ठेवलं होतं. तिच्यासमोर न धुता खाणाऱ्या एका काकांना तिनं असं काही पाहिलं की त्यांनी तोंडातला मणी गिळला की थुंकला ते आम्हाला अजून माहीत नाही.

अडचणी आल्या त्या मी धरल्याच नव्हत्या. वेली इंग्रजी वाय आकाराच्या मांडवावर चढवलेल्या, त्याच्या तारा बरोबर कपाळाच्या उंचीवर. आमच्या सहा फुटी अध्यक्षांना दोनदा लागल्या. पहाटे ड्रिप चालल्यामुळे काळी माती चपलांना चिकटून चपला दुप्पट जड. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बाईमाणसांची सोय वस्तीवर, बागेपासून अर्धा किलोमीटर. सत्तरीच्या दोन मावशींना दादाच्या पोरानं मोटारसायकलवरून पोचवलं. पुढच्या वेळी बागेऐवजी आधी वस्तीवर थांबायचं, एवढी दुरुस्ती मी तिथंच वहीत केली.

मग पैशाचं. दादा पैसे घेणार नव्हता. आणि आमच्यातला एक जण खरंच म्हणाला, "शेतात येऊनसुद्धा किलोनं पैसे द्यायचे?" मी त्याला गारपिटीच्या दिवसातलं कॅरेट आठवून काहीतरी तिखट बोलणार होतो, पण वहिनीनं आधीच तराजू आणला. ठरलं असं, की खाल्लं ते पाहुणचाराचं, नेलं ते वजनाचं. दर व्यापाऱ्याला पडला तोच, वर किलोमागं पाच रुपये कापणीचे. आमचं बेचाळीस किलो भरलं. दादानं पैसे हातात घेतले नाहीत, वहिनीनं मोजून घेतले. मला वाटतं, हे आधीच फोनवर ठरवायला हवं होतं. नात्यातल्या माणसाकडं जाताना तर जास्तच.

बाकीचं वर्ष

फेब्रुवारीनंतर ग्रुपवर उत्साह इतका, की 'दर दोन महिन्यांनी जाऊ' असा ठराव झाला. ठरावाचं काय होतं ते सांगतो.

एप्रिलात खरड छाटणी बघायला आम्ही तिघं गेलो. चाळिशीला टेकलेलं ऊन आणि बागेत नुसते सांगाडे. तरी माझ्या मते सगळ्यांत शिकवणारी फेरी तीच. या छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, नवी काडी वाढत असताना, तिच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड धरतो. बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत सलग ढगाळ राहिलं, ऊन मिळालं नाही, तर ऑक्टोबरात छाटून कितीही पेस्ट लावा, फूट निघते पण घड निघत नाही. आपण फेब्रुवारीत खातो ते द्राक्ष आदल्या मे-जूनच्या उन्हानं ठरवलेलं असतं.

जूनच्या सुरुवातीला पेठ-सुरगाण्याकडं केशर आंब्याला गेलो. नऊ जण, छान झालं, पाऊस आला, पळालो. ऑगस्टात देवळ्याकडं डाळिंबाचा बेत होता. आंबे बहाराचा, म्हणजे आंबा मोहरतो त्या दिवसांत धरलेल्या बहाराचा माल त्या सुमारास असतो. ओळखीच्या बागाईतदारानं बांधावरूनच दाखवलं, आत घेतलं नाही. तेल्याची, म्हणजे डाळिंबावरच्या डागांच्या रोगाची भीती. पावसाळ्यात ओल्या झाडांतून माणसं फिरली की हात-कपडे-कात्रीबरोबर रोगही फिरतो. काही मंडळी रुसली. मला त्या माणसाचं सरळ 'नाही' दादाच्या पहिल्या 'या की'पेक्षा कितीतरी सोयीचं वाटलं.

स्ट्रॉबेरी राहिली. सुरगाण्याच्या घाटमाथ्यावर ती डिसेंबर ते मार्च मिळते, सापुताऱ्याच्या रस्त्याला शेतकरी टोपल्या घेऊन बसलेले असतात. पण तिथं जायला आखणी लागत नाही, गाडी लागते.

२०२४ ची छाटणी

त्या वर्षी परतीच्या पावसानं ऑक्टोबरातही पिच्छा सोडला नाही. दादा दसऱ्याला छाटणार होता, थांबला. मी या वेळी 'कधी येऊ' विचारलंच नाही. आठवड्याला एक फोन, एकच प्रश्न. २० ऑक्टोबरला संध्याकाळी त्यानंच फोटो पाठवला: कापलेल्या काड्या, डोळ्यांवर पेस्टचा रंग, मागं टोळी चहा पितेय. खाली लिहिलं होतं, 'आज एकालाही संध्याकाळची घेऊ दिली नाही.' गंमत नव्हती ती. त्या पेस्टमधलं औषध अंगावर आलेलं असताना दारू पोटात गेली तर माणूस चांगलाच आजारी पडतो, त्यामुळे छाटणीच्या दिवसांत दादा टोळीवर मास्तरसारखा लक्ष ठेवतो.

मी कॅलेंडर काढलं. एकशे विसावा दिवस १७ फेब्रुवारी २०२५. रविवार येत होते १६ आणि २३. सोसायटीत मत पडलं, की बुधवारी २६ ला महाशिवरात्रीची सुट्टी आहे, मुलांनाही आणि कंपनीवाल्यांनाही. १२९ वा दिवस. मला धाकधूक, तोवर तोड झालेली असेल.

फोन लावला. दादानं थोडा विचार केला. "शिवरात्रीला टोळी येत नाही, त्यामुळं तोड बंद. ट्रॅक्टर पण उभा. दोन ओळी ठेवतो. पण अर्ध्या लोकांना उपास असेल ना रे?"

"असेल."

"मग बरंय. वहिनीला जेवण करायला नको. द्राक्षं उपासाला चालतात."